आप्पांचा फ्लॅश

माझा स्वभाव तसा फटकळ. पण आप्पांपुढं, म्हणजे वडिलांपुढं, तोंडातून शब्द फुटायचा नाही. दौंडला त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि आम्ही नुकताच पहिला डिजिटल कॅमेरा घेतला होता.

यवतला माझ्या मैत्रिणीचा निकाह होता. बायकांच्या खोलीत पुरुष फोटोग्राफर चालणार नव्हता. म्हणून आत मी नवा कॅमेरा घेऊन, आणि बाहेर मांडवात, चांगल्या उजेडात, आप्पा त्यांचा जुना रोलचा कॅमेरा घेऊन. मैत्रीण दुपारीच सासरी जाणार होती. तिचे फोटो मी काढले तरच निघणार होते.

आत जाताना आप्पांनी त्यांचा जुना फ्लॅश माझ्या हातात ठेवला. "त्या क्यामेऱ्याची काजव्याएवढी बत्ती काय कामाची? ह्यो लाव."

आदल्याच दिवशी शेजारच्या मामांनी, ते रेल्वेत इलेक्ट्रिशियन, त्या फ्लॅशच्या कॅमेऱ्यावर बसणाऱ्या पायाला मीटर लावून बघितलं होतं. "दोनशे व्होल्टच्या वर दावतोय. रोलच्या क्यामेऱ्याला चालतंय. नव्याला लावलास तर जळंल बघ." हे सगळं ठाऊक असून मी तो फ्लॅश निमूट चढवला. स्वतःचाच संताप आला होता मला.

पहिला फोटो निघाला. दुसराही निघाला. मेंदीचे हात झाले. मग मायलेकींना शेजारी बसवलं, बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. स्क्रीन काळी. बॅटरी काढून पुन्हा घातली, तरी काळीच.

"बेटा, लवकर कर. गाडी आलीय," तिची आई म्हणाली.

मी दाराच्या पडद्याशी जाऊन आप्पांना हाक मारली. "क्यामेरा गेला. फ्लॅशनं जाळला. मामांनी सांगितलं होतं मला."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमचा होता."

आता बोलणी बसणार म्हणून मी अंग चोरून उभी राहिले. पण पडद्याखालून त्यांचा रोलचा कॅमेरा आत सरकला.

"ह्याच्यावर चढव." आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. "नवरी किती फुटांवर हाय?"

"सात."

"मग भिंगावरचं उजेडाचं कडं अकरावर फिरव. आन् हात थरथरू दिऊ नगंस."

त्यांना पडद्यातून कसं दिसलं, कोण जाणे.