हळदीआधीचा खोकला

आमच्या आगरी लग्नात भटजी उशिरा आले तरी चालतं, पण धवलारीण वेळेवर हवी. ती धवले गाऊन देवांना नि पितरांना लग्नाला बोलावते, मगच हळद लागते. माझ्या सासूबाई आमच्या भागातल्या नावाजलेल्या धवलारीण. त्यामुळे माझ्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांनाच झाला. आणि नेमक्या त्याच सुमारास त्या खोकायला लागल्या.

कोरडा, चिवट खोकला. गायला बसल्या की ओळ मध्येच तुटायची. "मी न्हाय गायली त पोरीची हलद कशी लागल गो?" त्या म्हणायच्या. मी "लागेल हो" म्हणायचे, पण माझाही जीव खालीवर व्हायचा.

भिवंडीत खोकल्याचं कारण शोधावं लागत नाही. आमच्या घरामागेच कापड विणणारे लूम, खिडकीच्या जाळीत कायम कापसाचे तंतू. "कापूस छातीत गेलाय," नवऱ्याने निकाल देऊन टाकला. एक्स-रे स्वच्छ आला तरी निकाल काही बदलला नाही. अडुळसा झाला, मध झाला, खिडकीला ओली चादर झाली.

मग सासूबाई खारबावला, भावाकडे माहेरपणाला गेल्या. महिनाभर राहिल्या आणि खोकला गायब! "बघ, हवेचा फरक," म्हणत नवरा गावभर मिरवला. त्या घरी परतल्या आणि थोड्याच दिवसांत पुन्हा ठसका सुरू. झालं, ठरलं. लग्नापर्यंत आईने खारबावलाच राहायचं. नातीच्या लग्नात आपणच पाहुण्या, हे त्यांना मुळीच पटलं नाही, पण आम्ही ऐकतोय कशाला! या वेळी मी त्यांच्या रोजच्या गोळ्यांची पिशवी त्यांच्या भावजयीच्या हातात दिली आणि रोज समोर उभं राहून द्यायला सांगितलं.

खारबावच्या त्या शुद्ध हवेत सासूबाई खणखणीत खोकू लागल्या.

माझं डोकंच फिरलं. मी तशीच जाऊन त्यांच्यासमोर बसले. "आई, मागच्या वेळी इथे काय वेगळं केलं होतंत?"

"काय न्हाय. गोल्या नव्हत्या घेतल्या."

"महिनाभर?"

"माहेरा जाऊन कुनी गोल्या खातं का? भाऊस बोलला असता, बहीन आजारी परली!"

रागावू की हसू, मला कळेना. त्या गोळ्यांतली प्रेशरची गोळी लग्न ठरलं त्याच दिवसांत सुरू झाली होती. खोकल्यासाठी आम्ही खोकल्याचे डॉक्टर गाठले होते. प्रेशरच्या डॉक्टरांना खोकल्याचं सांगावं, हे घरात एकालाही सुचलं नव्हतं.

त्या डॉक्टरांनी सगळं ऐकलं, छाती तपासली. "ही गोळी काही जणांना असा कोरडा खोकला देते," ते म्हणाले. "बदलून देतो. पण खोकला जायला काही आठवडे लागतील." मग मनाने गोळ्या बंद केल्याबद्दल त्यांनी सासूबाईंची चांगली हजेरी घेतली. सासूबाईंनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर मात्र रिक्षात बसल्या बसल्या धवला गुणगुणायला लागल्या. दोन ओळींवर ठसका आला, तरी खुशीत होत्या.

हळद येईपर्यंत खोकला विरत गेला. पण मांडवात त्या गायला बसल्या तेव्हा आम्हा सगळ्यांचे कान त्यांच्या घशाकडेच होते. एरवी प्रत्येक लग्नात मी चुलीपाशी भाताकडे बघत असते, धवला कानावरून जातो. त्या दिवशी भात जावेवर सोपवून मी पुढे येऊन बसले. म्हातारीचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. एकही ओळ तुटली नाही. इतकं सुंदर गाते ही बाई, आणि मी इतकी वर्षं भात ढवळत बसले होते! लेक पदराने डोळे पुसत होती.

धवला संपला. सासूबाईंनी मला शोधलं नि हळूच विचारलं, "खोकली का गो मी?"

"नाही, आई."

"मंग आजून एक गाते," त्या म्हणाल्या, आणि हळद हातात घेऊन उभ्या असलेल्या बायकांना त्यांनी पुन्हा खाली बसवलं.