नातीनं न केलेलं ऑपरेशन

आमची नात डोळ्यांची डॉक्टर व्हायला मोठ्या शहरातल्या कॉलेजात होती, तेव्हाची गोष्ट. इमारत पाहून आम्ही सगळे भुललो होतो बघा, नुसती काचच काच. नात मात्र फोनवर रडकुंडीला यायची. “आजी, सर ऑपरेशन हाती देतच नाहीत. मी दुर्बिणीच्या बाजूच्या नळीतून नुसती पाहून राह्यली. पाहून कोणाले पोहता येते का?”

शिक्षण कसं चाललंय ते तपासायला बाहेरून एक मॅडम येणार होत्या. त्यांना खरं सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. उरलेल्या महिन्यांत तरी हात बसेल, एवढीच आशा.

नेमकं आदल्या दिवशी आमच्या ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तिथंच झालं. केलं सरांनी. पण तोंडावर कापड, हे जागे, आणि कानाशी नातीचा आवाज, “आबा, हलू नका हं.” ह्यांना वाटलं, तीच करतेय.

सकाळी मॅडम वॉर्डात आल्या, मागे सर. आमच्या खाटेशी थांबल्या. “आजोबा, ऑपरेशन कोणी केलं?”

“कोणी म्हंजे? माह्या नातीनं! हे काय, उभी आहे. मले मुंगी चावल्यासारखंबी झालं नाही.”

वॉर्ड हसला. मॅडम नातीकडे वळल्या. “तू केलंस?”

आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत खोटं पाडत नाहीत. ती ह्यांच्या पट्टीकडे पाहत राहिली. “हो, मॅडम.”

मॅडमनी पाठ थोपटली आणि पुढे गेल्या. त्यांनी तिला बाजूला नेऊन एकटीला विचारायला पाहिजे होतं, असं मला अजून वाटतं. सरांसमोर, आजोबांसमोर कोणती पोर बोलेल हो?

उरलेले महिनेही नुसते पाहण्यातच गेले. आता ती मेहकरला दवाखान्यात बसते. चष्म्याचा नंबर काढते, थेंब देते. मोतीबिंदू निघाला की पेशंट दुसरीकडे पाठवते. आमच्या जानेफळची माणसं विचारतात, “काकू, घरची डॉक्टर असून अकोल्याले काऊन जावं?” मी चहा ठेवते.

यंदा ह्यांच्या दुसऱ्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला. हे तिच्यापुढे हट्ट धरून बसले. “तूच कर. एक केला ना?”

“आबा, तो सरांनी केला होता.”

हे माझ्याकडे पाहून हसले. “पाह्य वं, मस्करी करून राह्यली.”

ती हसली नाही. दुसऱ्या डॉक्टरला फोन लावला.

 मेहकरहून घरी आल्यावर हे म्हणाले, “मंग त्या तपासाले आलेल्या बाईले मी काय सांगतलं वं?”

मी हात धरून त्यांना पायरी चढवली.