पोर्चमधली गुरुवारची मीटिंग

माझ्या मॅडमच्या शोकसभेला मी गेले नाही.

सभा दुसऱ्या मजल्यावर होती. बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि मी व्हीलचेअरवर. मी खाली पोर्चमध्ये बसून राहिले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सरिता मॅडमनी इथे भिलाईत, आमच्या युनिव्हर्सिटीत, एक रिसर्च ग्रुप उभा केला. टेक्नॉलॉजी आणि सामाजिक न्याय.

म्हणजे ॲप, मशीन, फोन कोणाच्या कामी येतात आणि कोणाला दाराबाहेर ठेवतात, ते बघायचं. ग्रुपमधली, अहिवारा गावची खिलेश्वरी तिच्या आईचं छत्तीसगढी बोलणं रेकॉर्ड करून आणायची. फोनला ते का कळत नाही, यावर आम्ही जाम भांडायचो.

पहिल्या मीटिंगला मुलं मला उचलून वरच्या लॅबमध्ये न्यायला तयार होती. मॅडमनी मात्र मला विचारलं.

"तुले उचलून नेलेलं चालते का?"

"नाही."

"मंग झालं. खालीच बसू."

त्या दिवशी बाकी कोणी खाली आलंच नाही. आम्ही दोघीच बोललो.

हळूहळू सगळे यायला लागले. दर गुरुवारी पोर्चमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, एकाच लॅपटॉपमध्ये सगळ्यांची डोकी. एकदा डीनसरांनी विचारलं, लॅब असताना इथे कशाला?

"लैब ऊपर है सर, ग्रुप यहाँ है." मॅडम म्हणाल्या.

मॅडम दुर्गच्या रेल्वे कॉलनीतल्या, मी इथल्याच रुआबांध्याची. कॅम्पसवर मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. "तू तं आपली खुर्ची घेऊनच येतं, आमालेच शोधा लागते," म्हणून चिडवायच्या.

सोमवारी हार्ट अटॅकने गेल्या.

काल सभेच्या आधी खिलेश्वरी खाली आली. "आज तो चल लो दीदी. लड़के उठा लेंगे. मैडम के लिए."

मी नाही म्हणाले. तिला तो हट्ट वाटला. मॅडमसाठीच नाही म्हणाले, हे तिला सांगता आलं नाही, रडायला आलं.

वरून माईकचा आवाज येत होता. मॅडमनी सबको साथ लेकर चलना शिकवलं, असं कोणीतरी म्हणालं. मग माईक एकदम गप्प झाला. मला वाटलं लाईट गेली. मग कळलं, मौन पाळताहेत.

मीही पाळलं. समोर नुसत्या पार्क केलेल्या स्कूट्या होत्या.

सगळे खाली उतरले तेव्हा ग्रुपचे नवे कोऑर्डिनेटर सर माझ्याजवळ आले. म्हणाले, आता गुरुवारची मीटिंग वर एसी रूममध्ये होणार. रूमला मॅडमचं नाव देणार.

"तुम ऑनलाइन जुड़ जाना बेटा. टेक्नॉलॉजी किसलिए है?"

माणूस चांगला आहे.

मॅडम, घरी येऊन हे सगळं तुम्हाला सांगायला फोन हातात घेतला होता. आता मराठीत कोणाशी भांडू?

गुरुवारी पप्पा मला नेहमीसारखं पोर्चमध्ये सोडतील. जिन्याखालची तुमची खुर्ची वॉचमनभैयांना काढून ठेवायला सांगितली आहे.

कोणी आलं तर बरं. नाही आलं तरी मीटिंग खालीच होईल.

भावपूर्ण श्रद्धांजली, मॅडम. तळमजल्यावरून.