धोंडबांचा एरियल

माझे सासरे धोंडबा मेश्राम नागपुरात लकडगंजच्या एका आरामशीनवर लाकडाचे लठ्ठे चिरायचे. सव्वीस वर्षं करवतीजवळ उभं राहून त्यांचा डावा कान जवळजवळ गेला होता, त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं तर उजवीकडे बसावं लागे. इंदोऱ्यात दोन खोल्यांचं घर होतं. थोरली पुष्पलता माझी बायको. धाकटा रविंद्र फौजेत. एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई संपली आणि पाचव्या दिवशी तार आली, शिपाई रविंद्र लापता.

सासूबाईंनी, बायजाबाईंनी, विचारलं, "लापता म्हंजे गेला का?"

"नाही मामी. सापडत नाही, एवढंच," मी म्हणालो.

"मंग शोधून राहिले असतील," त्या म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या.

जरीपटक्यात टेकचंद नावाचा सिंधी रेडिओ दुरुस्त करायचा. फाळणीत इकडे आलेला माणूस. त्यानं मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, सांगितलं की पलीकडचा रेडिओ रोज संध्याकाळी साडेसहाला पकडलेल्या शिपायांची नावं वाचतो. बापाचं नाव आणि जिल्हासुद्धा सांगतो.

मामाजींकडे एक जुना सेट होता. त्यावर नागपूर केंद्र तेवढं नीट लागे. त्या संध्याकाळी सुई फिरवत गेलो तर नुसती खरखर, आणि आत कुठेतरी माणसाचा आवाज, चालू आरामशीनच्या पलीकडून कोणी बोलावं तसा. मामाजींनी लगेच ठरवलं, मोठा एरियल बांधायचा.

टेकचंदनं समजावलं, "काका, तार कितीबी उंच बांधा. हवेतलं सगळं तार घेऊन येते, आवाजबी अन् कचराबी. निवडायचं काम सेटचं. तुमचा सेट बुढा झाला."

"नवा सेट घेनं माह्याच्यानं होत नाही," मामाजी म्हणाले. "बांबू होते."

रविवारी आम्ही दोघं कौलांवर चढलो. दोन बांबू एकमेकांना जोडून उभे केले, मधे तांब्याची तार ताणली आणि एक तार मोरीजवळच्या ओल्या मातीत पुरली. खाली येऊन सेट लावला तर सुई कुठेही न्या, नागपूर केंद्रच. नावांच्या यादीवर शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम चढून बसला होता. टेकचंदनं पुढच्या आठवड्यात येऊन तारेची एक गुंडाळी मागे बसवली, तेव्हा नागपूर जरा बाजूला सरकलं. पलीकडचा आवाज येऊ लागला, पण तुटक. चार शब्द आले की दहा बुडायचे.

शेजारचे रुपराव एकदा दारात येऊन म्हणाले, "दुश्मनाचा रेडिओ आयकून राहिला का गा, धोंडबा?"

"पोरगा त्याइच्यापाशी असन, तं त्याइच्याच तोंडून आयकाव लागन ना."

दुसऱ्या दिवसापासून रुपरावही साडेसहाला पायरीवर येऊन बसू लागले.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी खरखरीतून आलं, "...विंद..., वल्द धों..., जिल्हा नाग..." आणि आवाज बुडाला.

बायजाबाई उठून उभ्या राहिल्या. "आपलाच हाये. धोंडबाचा रविंद्र, जिल्हा नागपूर. दुसरा कोन असन?"

त्या रात्री त्या पोटभर जेवल्या. दीड महिन्यात पहिल्यांदा. सकाळी पुष्पलताकडून पत्र लिहून घेतलं, घरी सगळे बरे आहेत, अंगावर गरम घालत जा. ते कुठल्या पत्त्यावर टाकायचं हे कोणालाच माहीत नव्हतं.

मामाजींना मात्र खात्री हवी होती. टेकचंद म्हणाला, "आठवड्याची सगळी नावं शुक्रवारी परत वाचतात. माझ्याकडे एका गिऱ्हाइकाचा आठ वॉल्व्हचा सेट आला आहे. त्याच्यावर साफ येईल. इथंच या."

शुक्रवारी आम्ही दोघं गेलो. टेकचंदनं दुकानाचा अर्धा पल्ला ओढून घेतला आणि सुई लावली. माणूस समोर बसून वाचत असावा इतका स्वच्छ आवाज. मामाजींनी उजवा कान सेटच्या कापडाला लावला. नावं येत होती. पंजाबची, कुमाऊँची, दोन साताऱ्याची. मग आलं, "सिपाही गोविंदराम, वल्द धोंकलराम, जिल्हा नागौर."

टेकचंद हळूच म्हणाला, "नागौर राजस्थानात आहे, काका."

मामाजींनी मान हलवली. यादी संपेपर्यंत ते तसेच वाकून बसले. संपल्यावर म्हणाले, "मशीन चांगली हाये. एकेक अक्षर आलं."

परतताना रेल्वेचं फाटक लागलं. तिथं थांबून मामाजी म्हणाले, "जावाईबापू, तिले सांगा का मशीन बिघडून होती. काहीच आयकाले नाही आलं."

मी तसं सांगितलं. बायजाबाई म्हणाल्या, "मंग आपलाच सेट बरा."

मे महिन्यात त्या याद्या बंद झाल्या, तोवर बायजाबाई रोज त्या खरखरीपुढे बसल्या. मामाजीही बसायचे. ज्यात काही नाही हे त्यांना ठाऊक होतं, ते ते रोज अर्धा तास ऐकायचे. एकदा बायजाबाईंनी विचारलं, "आता काय म्हनला तो?" आणि मामाजींनी सांगितलं, "निसटलं वं. उद्या आयकू."

बहात्तरच्या डिसेंबरात कैदी परतले. त्यांच्यातला रविंद्रच्या पलटणीचा कवडू नावाचा शिपाई सावनेरजवळच्या खेड्यातला होता. आम्ही भेटायला गेलो. त्यानं 'जयभीम' केला, बसायला बाज टाकली आणि बराच वेळ पिकापाण्याचं बोलत राहिला. शेवटी म्हणाला, "काका, रविंद्रच्या खंदकावर पहिल्याच दिवशी तोफेचा गोळा पडला. मी पाह्यलं. तिथं काही राह्यलंच नव्हतं."

"तू लहान होता का रे त्याच्याहून?" मामाजींनी विचारलं.

"एका वर्षानं."

"बरं केलं, आला."

घरी मामाजींनी सांगितलं की तो पोरगा दुसऱ्याच पलटणीतला निघाला. मी शेजारीच उभा होतो.

पंचाहत्तर साली फौजेचा कागद आला. मुलगा मृत मानण्यास आईबापांची हरकत नाही, असा. दोघांच्या सह्या हव्या होत्या. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मास्तर माणूस, लिहिलेलं बाजूला ठेवून वाचलं, "मुलाचा शोध पुढे चालू ठेवावा, ही विनंती."

बायजाबाईंनी अंगठा उठवला. शाई पुसत म्हणाल्या, "आता किती दिवस लागतील?"

"सरकारी काम हाये वं," मामाजी म्हणाले. "टाइम लागते."

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. तोवर दर महिन्याला त्या मला विचारायच्या, अर्जाचं काय झालं. मी म्हणायचो, चालू आहे.