दोन्ही रॅम खराब

मशीन दुरुस्त कसं करायचं हे मी पुष्कळ पोरांना शिकवलं. ते बिघडवून ठेवायचं कामही माझंच असायचं. हार्डवेअरच्या परीक्षेचं प्रॅक्टिकल आमच्याच क्लासमध्ये व्हायचं. परीक्षक पुण्याहून यायचे, आणि आदल्या दुपारी मी एकेका कॉम्प्युटरचं झाकण काढून आत एकेक खोड करून ठेवायचो. कुठं केबल उलटी, कुठं जंपर, म्हणजे बोर्डावरच्या पिनांवरची ती इवली टोपी, चुकीच्या जागी, कुठं चांगली रॅम काढून मेलेली बसवलेली. शेजारी सुट्या पार्टांचा डबा. परीक्षा देणाऱ्यानं खोड ओळखायची, डब्यातला पार्ट घालायचा, मशीन सुरू करून दाखवायचं. झालं, पास.

नव्वदचं दशक संपता संपता राजारामपुरीत एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर मी हा क्लास काढला होता. टायपिंग आणि अकाउंटिंग शिकवणारे गल्लोगल्ली होते, मशीन खोलून दाखवणारे कमी. कागल, आजरा, कुरुंदवाडची पोरं एसटीनं यायची. माझी बायको पुढच्या टेबलावर बसायची. फोन घेणं, प्रवेश देणं, पोराबरोबर आलेल्या वडिलांना समजावणं हे तिच्याकडं. मधलं पार्टिशन छतापर्यंत नव्हतं, त्यामुळं मी आत शिकवलेलं सगळं तिच्या कानावर पडायचं. त्याच त्या गोष्टी, प्रत्येक बॅचला. आत हात घालायच्या आधी पत्र्याला हात लावा, अंगातली वीज तिथं जाऊ दे. लांब बीप वाजला तर आधी रॅम बघा. गिऱ्हाईक काय म्हणतंय ते पूर्ण ऐकून घ्या, आणि चूक त्याचीच असली तरी चारचौघांत तसं म्हणू नका. परीक्षेत या बोलण्यालाही मार्क होते. आणि डब्यातला पार्ट चांगलाच असेल असं कधी धरून चालू नका, आधी दुसऱ्या मशीनवर तपासा.

एकदा जेवताना बायको म्हणाली, मी पण देते परीक्षा. कागलच्या एका मुलींच्या शाळेत कॉम्प्युटरची लॅब होणार होती. ती सांभाळायला माणूस पाहिजे होतं, आणि हार्डवेअरचं सर्टिफिकेट असलेली बाई मिळाली तर त्यांना बरंच होतं. तिथं शिकवणारी तिची आजऱ्याची मैत्रीण निरोप देऊन गेली होती. मी म्हटलं, दे की.

ती फार हुशार होती असं मी सांगणार नाही. तसं सांगितलं तर माझं करणं काहीतरी मोठं वाटेल. ती बाकीच्या पोरांसारखीच होती. जंपरमध्ये घोळ घालायची, हार्ड डिस्कचे भाग पाडताना भलतीच डिस्क पुसायची, मग पुन्हा पहिल्यापासून बसायची. स्क्रू मात्र एका वाटीत सांभाळून ठेवायची, पोरांचे नेहमी हरवायचे. मुलींना मी वहीत आकृत्या काढायला लावायचो आणि झाकण पोरांकडून उघडून घ्यायचो, हेही इथंच सांगून टाकतो. पण ती घरचीच असल्यामुळं तिला अडवता येईना. क्लास सुटल्यावर तास-दीड तास ती मशीन खोलून बसायची. पास झाली असती. काठावर असेल, पण झाली असती.

आणि पास झाली असती तर रोज सकाळच्या एसटीनं कागलला गेली असती.

पुढच्या टेबलावर कोण बसणार, ही एक अडचण होतीच. माझ्या आईनं आपला पाढा लावला होता, आता सूनबाई साहेब होणार, आपण डबे भरायचे. ही कारणं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं कारण इतकं साधं आहे की ते लिहायचं जिवावर येतं. ती काहीही अडलं की "अहो" म्हणून हाक मारायची, आणि मी उठून जायचो. क्लासमध्ये मी सर होतो ते पोरं फी भरायची म्हणून. घरात मी तिच्यामुळं कुणीतरी होतो. ती हाक बंद होईल याची मला भीती वाटली.

परीक्षेच्या आदल्या दुपारी मी नेहमीसारखा मशीन बिघडवायला बसलो. कोण कुठल्या टेबलावर बसणार ते मला ठाऊक होतं, मांडणी माझीच. तिच्या मशीनमध्ये मेलेली रॅम घातली. मग शेजारच्या डब्यातली चांगली रॅम काढली आणि तिथंही मेलेलीच ठेवली. दोन्ही सारख्याच हिरव्या पट्ट्या, बघून काही कळत नाही. कुणी बघितलं असतं तर चुकून झालं म्हणता आलं असतं. कुणी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं बटण दाबलं आणि लांब बीप वाजला. माझ्याकडं न बघता ती परीक्षकांना म्हणाली, "रॅम हाय सर." पत्र्याला हात लावला, रॅम काढली, खोडरबरानं तिचे पितळी दात घासले, परत बसवली. बीप. मग डब्यातली घातली. तोच बीप. तिथंच ती बावरली. रॅम नाही म्हणजे दुसरं काहीतरी असणार, असं धरून तिनं डिस्प्लेचं कार्ड काढलं, केबली काढल्या, एकेक करत सगळं मशीन टेबलावर मांडलं. घाम पुसायला हात वर नेला तर धुळीचा काळा पट्टा कपाळावर ओढला गेला. वेळ संपली.

परीक्षक भला माणूस होता. त्यानं ते परत जोडलं, पलीकडच्या मशीनची रॅम काढून त्यात घातली, आणि मॉनिटर उजळला. "रॅमच होती की हो मॅडम," तो हसून म्हणाला.

"मी बदलली हुती सर."

"मग नीट बसली नसेल."

तिनं माझ्याकडं बघितलं. तेव्हा मला बोलता आलं असतं. दोन्ही पट्ट्या तपासू या, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, "आवाज येईस्तोवर दाबायला पाहिजे. किती वेळा सांगितलंय?"

पोरं हसली. तीही हसली थोडं.

कागलची नोकरी त्याच बॅचमधल्या एका पोराला मिळाली. बाई मिळेना म्हणून त्याला घेतलं. तो पेढे घेऊन आला तेव्हा पुढच्या टेबलावर तीच होती. तिनं त्याला पाणी दिलं, पेढा देवापुढं ठेवला. परीक्षा पुन्हा देता येत होती, मी तसं म्हणूनही बघितलं, कारण आता ती नाही म्हणणार हे मला कळत होतं. "नगो," ती म्हणाली, "माझ्या हाताला न्हाई ते."

ते वाक्य मग घरात राहिलं. मिक्सर बंद पडला, हाताला न्हाई. मोबाईल आला, त्यात नंबर भरायचा, हाताला न्हाई, तुम्हीच बघा. मी बघायचो. मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि दरवेळी "अहो" ऐकलं की मी तिच्याकडं न बघता उठायचो. खंडेनवमीला मशीनची पूजा मात्र तीच करायची. मॉनिटरला हळदकुंकू, कीबोर्डवर झेंडूचं फूल. बाहेरून.

क्लास पुढं चालला नाही. कॉम्प्युटर स्वस्त झाले, नवीन आणणं परवडू लागलं, आणि खोलून बघणाऱ्याला कुणी विचारेनासं झालं. मी दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं. मुलगी दहावी झाली आणि म्हणाली, डिप्लोमाला जाते, कॉम्प्युटरला. मी खूश होऊन काही बोलणार, तोवर तिची आई म्हणाली, "दुसरं काहीतरी बघ बाई. आपल्या घरात बायकांच्या हाताला न्हाई ते. मी देऊन बघितलीया की परीक्षा."

मुलीनं मान हलवली. तिला ते पटलं होतं.

चार दिवस मी दुकानातच काढले. तेवढ्यात मुलीनं कॉमर्सची चौकशी सुरू केली. पाचव्या दिवशी मुलगी मैत्रिणीकडं गेलेली असताना मी स्वयंपाकघरात गेलो आणि सांगितलं. बायको भाकरी थापत होती. मी सगळं एका दमात बोललो, कारणासकट.

तिनं हात थांबवला. "दोन्ही?"

"दोन्ही."

तव्यावरची भाकरी करपायला लागली, ती तिनं उलटली.

"म्हणजे बीप मी बरोबर वळखला हुता."

मी हो म्हटलं.

"तुम्हीच शिकवत हुतासा," ती म्हणाली. "डब्यातला पार्ट आधी तपासा म्हणून. पार्टिशनमागनं किती बॅचा ऐकलं मी. आठवत हुतं मला तवा. पण म्हटलं, ह्यांनी ठेवलाय की तो."

मी काहीतरी बोलायला गेलो, बहुतेक माफीचं. ती म्हणाली, "भाकरी थापू द्या."

मुलगी डिप्लोमाला गेली. तिला तिच्या आईनं काय सांगितलं मला ठाऊक नाही, मी विचारलेलं नाही. त्या वर्षी खंडेनवमीला विळी, शिलाई मशीन, माझी स्कूटर, सगळ्याला हळदकुंकू लागलं. कॉम्प्युटरला लागलं नाही. मी ताटातलं कुंकू घेऊन लावायला गेलो तर ती म्हणाली, असू दे. मी हात पुसला.

नंतर एकदा दुकानातून घरी आलो तर दोघी जमिनीवर बसलेल्या, मध्ये झाकण काढलेलं मशीन, बाजूला वाटीत स्क्रू. मुलगी जादा रॅम बसवत होती. मला बघून म्हणाली, "बाबा, नीट बसली का बघा की जरा."

मी पुढं झालो. बायकोनं वर न बघता वाटी माझ्या पायापासून बाजूला सरकवली.

"त्यांना नगो दाखवूस," ती मुलीला म्हणाली. "आवाज आला न्हवं? मग बसली."

मी दारातच थांबलो. मुलीनं बटण दाबलं. एक छोटा बीप वाजला, म्हणजे सगळं ठीक आहे. बायकोनं मला "अहो" म्हणून हाक मारल्याला आता बरीच वर्षं झाली. काही लागलं तर मुलीकडून निरोप देते.