पाळीचं पाणी

भाऊसोचा स्वतःच्या डोळ्यांवरसुद्धा चटकन विश्वास बसायचा नाही. कसबा बावड्यातल्या एका पाणीपुरवठा संस्थेत तो पाटकरी होता. नदीतून उपसलेलं पाणी पाटानं ज्याच्या त्याच्या उसाला पाळीप्रमाणे सोडायचं, हे त्याचं काम. असल्या कामात माणूस साधाभोळा राहील कसा? पाळी नसताना कुणी बांध फोडतं, आणि फोडून वर गावभर कांगावा करतं. वीस वर्षं हेच बघितलेला भाऊसो, समोरचा हसला तरी आधी त्याच्या पायाला चिखल लागलाय का ते बघायचा.

२००३ साली त्याची लेक संघप्रिया एम.ए.ला होती. जुन्या काळच्या इजिप्तमधली माणसं चांगलं कशाला म्हणायची, यावर तिचा प्रबंध चालला होता. एका सकाळी ती सोप्यात बसून बापाला वाचून दाखवत होती. तिथं मेलेला माणूस देवांपुढे उभा राहून आपण काय काय केलं नाही ते सांगतो. त्यात पाणी यायच्या वेळी आपण ते अडवलं नाही, असंही सांगतो.

भाऊसोचे कान टवकारले. "पुढं?"

"पुढं अर्थ लावलाय, आबा. पाण्यावर शेतकऱ्याचा हक्क. तो मारला तर गुन्हा. पर ज्याला कायद्यानं अधिकार हाय, त्यानं अडवलं तर गुन्हा न्हाय."

"हे त्या लोकांनी लिवलंय?"

"न्हाय. इंग्रजी पुस्तकात हाय."

"त्या पुस्तकवाल्यानं कवा उसाला पाणी पाजलंय का?"

भाऊसोला दाट संशय आला. हक्क, कायदा, अधिकार ही तर संस्थेच्या नियमांतली भाषा. तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या तोंडी ती घातली कुणी? आणि हा अर्थ आपल्याला इतका सोयीचा का वाटतोय? या शेवटच्या शंकेनं मात्र त्याला एक जुनं प्रकरण आठवलं.

सात वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात पाट रोज फुटायचा आणि पाणी जोतीराम नावाच्या शेतकऱ्याच्या रानात शिरायचं. भाऊसोनं त्यालाच चोर ठरवलं आणि नियमावर बोट ठेवून त्याची पाळी बंद केली. जोतीरामची उसाची कोवळी लावण वाळून गेली. मग एकदा पाट फुटायचा तिथल्या बांधाची डागडुजी करताना भाऊसोला खेकड्याचं बीळ सापडलं. त्यानं ते गुपचूप बुजवलं. संस्थेनं त्याला बोल लावला नाही, कारण नियम तसाच होता. घरी तर पत्ताच नव्हता. आमच्या आबांनी कुणाचं पाणी तोडलं नाही, असं लेक मैत्रिणींना छाती काढून सांगायची.

"त्या देवांपुढं इचारत्यात काय? अधिकार हुता का म्हणून?" त्यानं दबकत विचारलं.

"न्हाय. अडवलं का, एवढंच. त्यांच्यात चांगल्याला मआत म्हणत्यात. नदी, राजा, माणूस, सगळं आपापल्या जागी नीट चालणं."

"मग ते हक्काचं खोडून टाक की."

"आमचं सर इचारतील, कशावरनं?"

गप्प बसलं असतं तर भागलं असतं. पण तो बोलला. "जोतीरामची लावण मी वाळवली, संघू. नियमानं. त्यानं पाट फोडलाच नव्हता. खेकडा हुता. पाणी यायचं हुतं, आन् आलं न्हाय. अधिकारानं त्यात काय फरक पडला?"

संघप्रियानं पेन खाली ठेवलं. भाऊसो आजवर ज्या नजरेनं जगाकडे बघत आला, त्याच नजरेनं लेक आता त्याच्याकडे बघत होती.

"आबा, आणि कुणाचं अडवलंय?"

झटक्यात न्हाय म्हणावं, असं त्याला फार वाटलं. पण ते म्हणायच्या आधी तो एकेक रान आठवू लागला.