खालच्या सिलिंडरांतलं तेल

रियाधच्या एका प्रशिक्षण केंद्रात अब्बा मेकॅनिक होते. तिथे प्रदर्शनासाठी विमानाचं एक जुनं, कित्येक वर्षं बंद असलेलं ब्रिटिश इंजिन आलं. ते दुरुस्त करताना अब्बांनी ज्या सौदी तरुणाला काम शिकवायचं, तोच पुढे त्यांच्या जागी येणार होता. तो तयार झाला की अब्बांचा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, वाढणार नव्हता. अम्मी रोज सांगायची, सगळं शिकवू नका, एखादी गोष्ट स्वतःकडे ठेवा.

मला कुतूहल इंजिनाचं. जेवताना अब्बा कागदावर काढून दाखवायचे: नऊ सिलिंडर, सूर्यफुलाच्या पाकळ्यांसारखे गोल. पाणी कुठून फिरतं, असं मी इंग्रजीत विचारलं. पाणी नाहीच, ते मराठीत म्हणाले. सिलिंडरवरच्या पातळ कडांमधून वारा जातो, तोच गार करतो. रियाधचा वारा? अब्बा हसले. तापलेल्या सिलिंडरला आपला जूनमधला वाराही गारच, म्हणाले. हे मी कितीतरी दिवस मनात घोळवत होते.

आणखी एक त्यांनी सांगितलं होतं. इंजिन नुसतं उभं राहिलं की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचतं. फिरवण्याआधी तिथले प्लग काढून ते गळू द्यायचं, नाहीतर जोर लावताच आतला दांडा वाकतो आणि इंजिन वाया जातं.

कुटुंबांना आत सोडतात त्या दिवशी आम्ही गेलो. स्टँडवर इंजिन, पुढे लाकडी पंखा, भोवती पाहुणे. त्या तरुणाने पंख्याला दोन्ही हात लावले. खालचे प्लग जागेवरच होते. मी अब्बांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते आणि अम्मीने त्यांची बाही धरली होती. स्वतःकडे ठेवलेली गोष्ट कोणती, ते मला तेव्हा कळलं.

अनोळखी माणसांसमोर मी बोलत नाही. त्या दिवशी बोलले.

"खालच्या सिलिंडरांतलं तेल काढलंत का?" मी इंग्रजीत विचारलं.

त्याने हात काढले. अब्बांकडे वळून म्हणाला, "उस्ताद, हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं."

"आता सांगतो," अब्बा म्हणाले आणि पाना घेऊन खाली बसले.

काळं तेल बराच वेळ गळत राहिलं. मग दोघांनी मिळून पंखा फिरवला.

गाडीत अम्मी एवढंच म्हणाली, "आता शिकवायचं काही उरलं नाही."

त्यानंतर जेवताना अब्बांनी कागद काढला नाही. इकामा संपला तेव्हा आम्ही रत्नागिरीला निघालो. इतकी वर्षं बंद असलेल्या इंजिनातून तेल काळंच का आलं, हे मी विमानात भीत भीत विचारलं. त्यांनी माझ्याकडे कागद मागितला.